भिताडाले ताप

स्लॅब दिवसभर ऊन गिळत बसतो
आणि रात्री नऊनंतर सगळं परत करतो,
हिशेबानं, आमच्याच डोक्यावर.
टिकेशनं भिंतीला पाठ लावली अन् झटक्यात काढली.
"बाबा, भिताडाले ताप आला."
मी पाहिलं, पोराच्या कपाळाला लावतात तसा
उलटा हात लावून.
खरंच होता.

लाईट साडेआठला गेली.
कूलरच्या टाकीत चार गुंड पाणी,
नवा वाळा, पंप परवाच बदललेला,
आणि पातं मुकाट उभं,
पाटावर बसवून वाढायचं विसरलेल्या पाहुण्यासारखं.

हेमकला आठलाच आडवी झाली.
तिला तीनला उठायचं, तेंदूपत्त्याला.
बोटांवर पानांचा काळा चीक,
राखेनं घासला तरी जात नाही.
कुशीत बारकी, पाच महिन्यांची.
मानेच्या वळीत घामोळ्या, मोहरी सांडावी तशा.

आशाताई सांगून गेली होती:
गुंडाळू नका. अंगात एकच झबलं, सुती, सैल.
पाणी नाही, नुसतं दूध, मागेल तितक्यांदा.
ओलं फडकं मानेत, काखेत.
आणि लेकरू सुस्त पडलं, प्यायचं थांबलं,
तर उजाडायची वाट पाहू नका.

मी कशाचीच वाट पाहत नाही.
फडकं बुडवतो, पिळतो, पुसतो.
माठातलं नाही, त्यानं अंग दचकतं;
बादलीतलं, रात्रीइतकंच कोमट.
मग कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा.
एक झोका इकडे, एक तिकडे.
हात थांबला की दोघं एकदम कण्हतात,
जणू दोघांचं बटण माझ्या खांद्यात आहे.

अकराच्या सुमाराला टिकेश म्हणाला,
"शेळ्याइले गरम नाई होत का?"
मी बॅटरी घेऊन पाहायला गेलो.
चौघी पाय पसरून रवंथ करत होत्या.
वर तणसाचं छप्पर, तीन बाजूंना कुडाची भिंत,
बोडीकडची बाजू उघडी,
आणि तिथून वारा.
चिखलाचा वास अंगावर घेऊन आलेला, पण वारा.

ठरवलं असं काही नाही. झालं.
एकेकीला कानाला धरून घरकुलात नेली,
नव्या टाइल्सवर. त्यांचे खूर घसरले, पोट्टं हसलं.
लेंड्या झाडल्या, सडा मारला.
मातीनं पाणी ओढून घेतलं तेव्हा
सुस्कारा ऐकला मी, खोटं नाही सांगत.
बाज आणली. विंचवाच्या भीतीनं
चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या.
मच्छरदाणी. आणि हेमकलाचं जुनं पातळ
भिजवून वाऱ्याच्या तोंडाशी टांगलं.

ती बारकीला छातीशी धरून आली, डोळे मिटलेलेच.
कुठं नेता, विचारलं नाही.
बारकी प्यायली, तोंड बाजूला केलं, झोपली.
आधी मुठी उघडल्या, मग तोंड.
दोन लेकरांचा बाप मी,
मुठी आधी उघडतात हे आज पाहिलं.

"बाबा, आता आपण शेळ्या का?"
"हो. हळू बोल."
"मंग शेळ्या कोण?"
"घरवाले."
हसता हसताच तो झोपला.
अर्धं हसू तोंडावर तसंच राहिलं.

भिंतीवर योजनेचं नाव, त्याखाली माझं,
पिवळ्या ऑइलपेंटनं, सालासकट.
उद्या कोणी फोटो काढायला आलं
तर थोरली शेळी दारात उभी राहील.
तिला शोभेल. माझ्यापेक्षा जास्त.

पुठ्ठ्याचा कोपरा घामानं मऊ पडला होता.
बोडीत काहीतरी डुबुक झालं.
पातळ वाळलं, मी पुन्हा भिजवलं.
पुन्हा वाळलं.

तीनला लाईट आली.
अंधारातून कूलर एकदम गरजला,
खोलीभर गार वारा, वाळ्याचा वास,
आणि चारी शेळ्या
एकमेकींना चिकटून कोपऱ्यात.

हेमकला डोक्याला दुपट्टा बांधत
दारात थांबली. आत पाहिलं.
मग माझ्याकडं, बराच वेळ.
"ह्याइले," म्हणाली, "चादर देऊ का?"