वाघीण, चिमणी

फळ्याच्या डाव्या कडेला मी सत्तावीस शब्द लिहिले.
हद्दपारी. फर्मान. जप्ती. वंशसंहार.
पुस्तकाच्या एकोणीस प्रती अजून कपाटात,
कुणा एका बाईनं सत्तरीत लिहिलेलं
तिचं सोळावं वर्ष.
आधी शब्द, मग पुस्तक, असं मी ठरवलं होतं.
विहिरीत उतरवण्याआधी पोरांना
पायरीवर बसवून पाय भिजवायला लावतात, तसं.

मार्च अर्धा सरलेला. पंख्याला
वाऱ्यापेक्षा आवाज जास्त.
खिडकीबाहेर अजनीच्या यार्डात शंटिंग,
लोखंडावर लोखंड आदळतं,
आमच्या शाळेत कुणी दचकत नाही.

'वाक्यात उपयोग करा,' म्हटलं.

छावणी: माझी मावशी छावणीत राहते, सदरच्या पुढे.
निवड: कबड्डीच्या संघात माझी निवड झाली, आईने पेढे वाटले.
विस्थापित: गोसेखुर्दच्या पाण्याने मामाचे गाव विस्थापित झाले,
पण मामाने दाराची चौकट सोबत आणली.

एकही वाक्य चुकलेलं नव्हतं.
लाल पेनचं टोपण काढून मी नुसतीच बसले.

घेट्टोपुढे संघपाल वासनिकनं अर्थ लिहिलाच नाही.
उभा राहिला.
'भिंत कोन बांधते मॅडम, आतले का बाहेरचे?'
बाहेरचे, मी म्हटलं.
'मंग आमच्या आज्याच्या गावात
भिंतीची गरजच नाई पडली.'
आणि खाली बसून पुढच्या शब्दाकडे वळला,
ऱ्हस्व-दीर्घ विचारून घेतल्यासारखा.

मागच्या बाकावर हसू फुटलं ते रेणुकामुळे.
रेणुका उईके, कोराडीहून दोन बस बदलून येते.
शब्दांखाली मी नमुन्याला पुस्तकातल्या चार ओळी दिल्या होत्या.
त्या वाचून तिनं वहीत चित्रं काढलेली:
एक वाघीण, पट्टे मोजून.
एक चिमणी, चोचीत काडी.

'उताऱ्यात हाये ना, मॅडम.
ऐंशी मानसं एका वाघिणीत.
त्यायले वाघिणीनं खाल्लं का?
अन् छावणीच्या वर एक चिमणी, रात्रंदिवस.
मले वाटलं, तेवढी एकच
उडून जाऊ शकत होती.'

वर्ग हसला. कुणीतरी ताडोबाची डरकाळी फोडली.
हे दोन शब्द मी यादीत घेतलेच नव्हते.
सोपे म्हणून.

मी खिडकीकडे बोट केलं.
वाघीण म्हणजे ती बघा, मालगाडीचा डबा,
जुन्या माणसांचा शब्द आहे,
कडी बाहेरून लागते.
आणि चिमणी म्हणजे...

'आमच्याकडे हायेत,' रेणुका म्हणाली,
'लाल-पांढऱ्या पट्ट्याच्या. बाबा तिथंच कामाले हाये.
कोळसा याच वाघिणींतून येते.'

आता कुणी हसत नव्हतं.
समजलं होतं असंही नाही.
रेणुकानं खोडरबर काढलं,
पंख खोडले, चोच खोडली,
मग थांबली.
काडी राहू दिली.

'दोरीवरच्या कपड्यांवर आमच्या रोज राख बसते.
आई झटकते अन् घड्या घालते.
कोळशाचीच असते ना, मॅडम?'

कोळशाचीच, मी म्हटलं. फार घाईनं म्हटलं.

'अन् पुस्तकातली?'

यार्डात एक इंजिन
बराच वेळ शिट्टी देत राहिलं.
संघपाल तिच्याकडे वळून बघत होता,
फळ्याकडे नाही.
मी घड्याळ बघितलं. तासाला अजून
अकरा मिनिटं होती.

सुट्टी झाल्यावर शिपायाला म्हटलं, आज फळा पुसू नका.
सत्तावीसच्या खाली दोन शब्द लिहिले,
पुढे आडवी रेघ,
अर्थाची जागा मोकळी.
हाताला खडू लागला होता, पांढरा, भुकटीसारखा.
नळावर जाऊन धुतला. परत धुतला.

पुस्तकं सोमवारी वाटायची होती.
बुधवारी वाटली.