वॉशर

सोमवारी उद्यमनगरात लाइट नसते,
लेथ गप्प. दस्तगीर मिस्त्री
शेडच्या दारात पोतं अंथरतो
आणि वॉशरांचा डबा उपडा करतो:
लहान म्हणजे एक, मोठा म्हणजे दहा,
पैशाचं नाव काढायचं नाही.

दोन पत्ते हातात, पाच पोत्यावर.
एवढंच सांगितलं त्यानं. पुढं महिनाभर
मी फक्त चहा आणला
आणि त्याच्या खांद्यामागून पाहिलं.
"पत्त्याकडं काय बघालैस?
पत्ता बोलत न्हाई. माणूस बोलतोय."

मग बसवलं. पहिल्याच डावात
बदामाची राणी बघून हरखलो,
बावीस वॉशर गेले.
"राणी आली म्हणून वरात काढतोस व्हय?
टाकून द्यायला शीक आधी.
कास्टिंगला भोक दिसल्यावर
आपण जॉब घासत बसतोय का?"

टाकत गेलो. वीट येईपर्यंत टाकलं.
रात्री घरी, बायको झोपल्यावर,
उशीवर पत्ते मांडून
स्वतःशीच हरलो.

पंचगंगेचं पाणी उतरलं तेव्हा कधीतरी
एक दिसलं:
पान चांगलं आलं की मिस्त्री
प्रेसखाली गेलेलं ते अर्धं बोट
मुठीत लपवतो.

कुणाला बोललो नाही.

काल माझ्याकडं तीन राण्या होत्या.
त्यानं वॉशर ढकलले, सगळे, सावकाश.
बोट दिसत नव्हतं.
मी राण्या पालथ्या ठेवल्या.

बराच वेळ बघत राहिला माझ्याकडं,
मग मूठ उघडली,
अर्ध्या बोटानं डबा पुढं सरकवला:
"मोज. उद्या लागतील जॉबला."