टोचन

वायरिंगवाल्याला सगळ्यात शेवटी बोलावतात.
माझ्याआधी दस्तगीरभाईंच्या गाडीचा
थर्मोस्टॅट बदलून झाला होता, दोनदा.
रेडिएटर उतरवून रॉड मारून झाला होता.
वॉटर पंप नाना पेठेतून नवा, पट्टा नवा,
आणि बंपरला लिंबू-मिरची.
तीही ताजी.

टोचन लावलं की तापते, ते म्हणाले,
रिकामी असली की गाय.
शिंदेवाडीच्या चढाला काटा उठतो,
बोगद्यात शिरलो की उडतोच, एकशे आठ.
बाहेर पडून बाजूला घेतो, टोपण चाचपतो,
पाणी जागच्या जागी.
मागच्या बंद गाडीतला माणूस काच खाली करून
मलाच विचारतो, काय झालं हो?

त्यांनी वही ठेवली होती. पोराची, भूगोलाची,
मागच्या पानांपासून भरत आणलेली.
बारा मे, भर दुपार, लोड ट्रेलर ओढून : ब्याण्णव.
नऊ जानेवारी, रात्रीचे दोन, नुसता टेम्पो : एकशे आठ.
मी म्हटलं, भाई, थंडीत जास्त तापतं का कुठलं इंजिन?
ते काचेबाहेर बघत राहिले.
आधीच्या गाडीला मीही हेच म्हणालो होतो,
काट्याचं काय, काटा वेडा असतो.
खंबाटकीत हेड फुटलं.
नऊ महिने उभ्या गाडीचे हप्ते भरले.
तेव्हापासून तो सांगेल ते ऐकतो.

यावर मी काय बोलणार.
रात्री अकराला खेड शिवापूरहून निघालो,
मागे दांड्याला कांद्याचा एक आयशर,
मांडीवर माझा मीटर, पायात चहाचा थर्मास.
भाईंनी टपावरचा पिवळा दिवा लावला,
मागच्या गाडीला जोडलेले लाल दिवे, चारही इंडिकेटर,
आणि मी काट्याकडे न बघता
त्याच्या शेजारच्या काट्याकडे बघितलं.

डिझेल वाढत होतं.

चढाला, अठरा टन ओढताना,
टाकी आपोआप भरत चालली होती.
इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर दोन्ही काटे
जोडीनं माना हलवत होते.
वहीत हे कुठेच नव्हतं.
डिझेल वाढल्याची तक्रार कोण लिहून ठेवतं?
ज्याची भीती बसली होती, तेवढंच
तारीखवार, सुवाच्य अक्षरात.

बोगद्याच्या अलीकडे थांबवलं.
वरच्या होजवर हात ठेवला : सोसवत होता.
दिवे बंद करा म्हटलं. काटा एकशे सहावरून
अठ्ठ्याऐंशीला येऊन बसला, निमूट,
शाळेत सर आल्यासारखा.
डॅशबोर्ड खोलला. टॉर्च दातात.
मागे एक काळी वायर,
आमच्या धंद्यात तिला अर्थ म्हणतात.
नट सैल, खाली गंज,
गंजावर कुणीतरी हौसेनं मारलेला सिल्व्हर रंग.
अर्थ सुटला की काटे गप्प बसत नाहीत,
उलट जास्त बोलतात.

पॉलिश पेपर घासला, पांढरा पत्रा दिसेपर्यंत.
नवा लग, नवा नट. ऐंशी रुपये.
भाईंनी दोनशे दिले आणि उरलेले मागितले नाहीत,
पण विश्वासही ठेवला नाही.
चढाच्या शेवटच्या टप्प्याला काटा शहाण्णव झाला
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.
ओढतेय भाई, मी म्हटलं, एवढी तापणारच.
हे खरं आहे.

बोगद्यात सगळे दिवे पेटले.
शहाण्णव. चौऱ्याण्णव.
बाहेर आल्यावर, नेहमीच्या जागी,
त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला,
मग उचलला.
नऱ्ह्याच्या उतारावर खाली सगळं पुणं पिवळं दिसत होतं.
आता खरं किती आहे ते कळलं होतं :
पाव टाकीसुद्धा नाही.
च्यायला, भाई म्हणाले,
आणि बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे हसले,
पहिल्या पंपाला गाडी आत घेतली.