वरचा डावा कोपरा

सेंदाई स्टेशनपासून सात मिनिटं, तिसरा मजला.
काउंटरवर मी, इसोगाई, दुरुस्ती विभाग.
दहाला दार उघडतं
आणि रांगेत तेच खोके, तेच काळे पट्टे,
पट्ट्यांवरची सोनेरी अक्षरं
अजून एकाही खांद्याला न घासलेली.

नव्याचे नऊ दिवसही झालेले नसतात.

डाग नेहमी एकाच जागी, वरच्या डाव्या कोपऱ्यात.
शटरच्या सांध्यातलं तेल,
सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब,
हजारभर फोटो झाले की उडतो
आणि आतल्या काचेवर जाऊन बसतो.
गर्दीत दिसत नाही तो.
लग्नाच्या हॉलमध्ये, मासळीबाजारात, झाडीत
महिनोन्‌महिने बिनबोभाट राहतो.
त्याला आकाश लागतं, नाहीतर बर्फ.
आणि छिद्र जितकं बारीक करावं,
जवळचं-लांबचं सगळं लख्ख दिसावं म्हणून जितकं झटावं,
तितका तो ठसठशीत.

म्हणून कोण काय बघत बसलं होतं
ते मला त्यांच्या नावाआधी कळतं.

दातांचे डॉक्टर निरेई ओरडतात,
"तीन लाख ऐंशी हजार येन!"
आणि लगेच पुन्हा एकदा,
जणू पहिल्या वेळी मी एक शून्य गाळून ऐकलं.
त्यांच्या मागचा पोरगा माझी बाजू घेतो,
अहो, चंद्रालाही डाग असतो, म्हणतो,
मग ते गेल्यावर हळूच स्वतःचा कॅमेरा पुढे सरकवतो,
"आलोच आहे, तर."

शिओगामाहून एक बाई आल्या,
तक्रार आणल्याबद्दल चारदा माफी मागत,
सोबत मोचीचा डबा.
मला तो नियमाने घेता येईना,
त्यांना तो रीतीने परत नेता येईना.
संध्याकाळपर्यंत डबा काउंटरवर होता,
कुणाचाच नसलेला.

मुख्य कार्यालयाचं पत्र आलंय:
"हा दोष नाही. अपेक्षित मर्यादेतील वर्तन आहे."
दिवसातून तीस वेळा मी हे कमरेत वाकून म्हणते.
घरी मुलगा दूध सांडतो, माझ्याकडे बघतो,
आणि तोच म्हणून टाकतो.

फेब्रुवारीत कुमागाई आले.
आयुष्यभर जमिनी मोजल्या, आता पक्षी मोजतात,
इझुनुमाच्या तळ्यावर, पहाटे, उणे सहामध्ये.
"कलहंस उठतात तेव्हा एक फोटो," म्हणाले,
"मग घरी जाऊन पडद्यावर एकेक टिपून मोजायचा.
रोज एक जास्त भरत होता.
थव्यापासून जरा वर, एकटा.
मला वाटलं, म्हातारा असेल."
मग कळलं कसं?
"एकवीस दिवसांत
तो कधी पाण्यावर उतरला नाही."

पैसे नको होते त्यांना, नवा कॅमेराही नको.
"पुसा," म्हणाले, "पण आधी सांगा,
तो पहिल्यांदा कधी आला?"
आम्ही दोघं मागे मागे गेलो,
आकाशामागून आकाश,
एकोणीस जानेवारी, सहा वाजून बावन्न मिनिटं.
त्याच्या आदल्या फोटोत तिथे काही नव्हतं.
त्यांनी वही काढली. आकडे खोडले नाहीत.
एकवीस आकड्यांपुढे पेन्सिलीने
'उणे एक' लिहिलं, एकवीस वेळा.
मागे रांग खोकत होती.

मी आत नेऊन फुंकर मारली,
ओल्या कापडाचा एकच हात, डावीकडून उजवीकडे,
पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून दाखवला. कोरा.
ते बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिले.

"हजार फोटोंनी परत येईल," मी म्हटलं.
हे सांगायचं नसतं आम्ही.

त्यांनी बोटांवर हिशोब केला.
दिवसाला चाळीस. पंचवीस दिवस.
"तोवर सगळे सैबेरियाला गेलेले असतील,"
म्हणाले, आणि पट्टा गळ्यात घातला.
मी वाकले.
ते वाक्य मात्र म्हटलं नाही.