मूळ फाइल

कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, इश्तियाकनं
स्टिअरिंगखाली वायर खुपसली
आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
"वीस घोडे झोपलेत आत, नाखवा. उठवू?"

मागे बर्फ, सुरमईचे खोके,
वाशीच्या खाडीपुलावर धापा टाकते गाडी,
म्हणून तर आलो होतो.

क्लच?
"बघू."
टर्बो?
"जपून चालवायची."
इन्शुरन्सवाल्याला सांगायचं का?
त्यानं चहा मागवला.

काजळीची जाळीही काढू म्हणाला, पीयूसीचं तो बघेल.
आमच्या गल्लीत सायलेन्सरच्या उंचीवर
हर्णाबायची धाकटी खेळते.
ते काही मी बोललो नाही.

पडद्यावर आकड्यांचे डोंगर.
कुणी रचले असतील?
भेसळीचं डिझेल, मे महिना,
वजन चोरून भरणारा माझ्यासारखा एकजण,
सगळं धरूनच चालला असणार तो.
जाळं सोडताना दोरी थोडी हातात ठेवतात,
तशी ठेवली त्यानं.

"लिहिताना लाइट गेली तर?"
"तर डोकं जातं गाडीचं. नव्वद हजार."
वर पंखा घुटमळत फिरत होता.

नुसतं वाच म्हटलं, लिहू नको.
पाचशे घेतले. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर दिली,
ती खिशात, तंबाखूच्या डबीला लागून.
दिवाळीनंतर बघू, असंही म्हणालो निघताना.

पुलावर तिसरा गिअर. मागचा हॉर्न मारतोय.
मारू दे.
वीसही पेंगतायत,
उतारावर मात्र एखादा
कान हलवतो.