येताना तेवढं थांबवा

सोनारमळा हॉल्टवर मी अकरा वर्षं तिकिटं विकली.
नोकरी नव्हती ती, कमिशन होतं:
पुठ्ठ्याची तिकिटं सांगलीहून पिशवीत आणायची,
विकली तेवढ्यांवर रुपयामागे काही पैसे,
उरली ती परत.
तारखेचा शिक्का माझा, शाई माझी,
बाभळीची सावली रेल्वेची.

मग लाईन दुहेरी झाली, डोक्यावरून तार आली,
गाड्या पळायला लागल्या
आणि कुठल्याशा एक तारखेपासून पॅसेंजर
नांद्रे सुटलं की थेट भिलवडी.
मधले आम्ही
खिडकीतून दिसण्यापुरते उरलो.

परवा सांगलीत बैठक होती,
कुठला थांबा वाढवायचा, कुठला परत द्यायचा.
एकवीस गावं, एकवीस निवेदनं,
प्रत्येकावर सरपंचाचा शिक्का, प्रत्येकात 'पंचक्रोशी'.
आमचं बाहुबली उपाध्ये मास्तरांनी लिहिलेलं,
जोडाक्षरंसुद्धा मोकळी.

साहेब तरुण होता. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला,
'सोनारमळा. गेल्या वर्षीची तिकीटविक्री शून्य.'
म्हटलं, साहेब, खिडकी बंद आहे.
'बरोबर आहे. पण विक्री शून्य.'
गाडी थांबत नाही म्हणून तिकीट नाही,
तिकीट नाही म्हणून गाडी थांबत नाही,
हे सुतळीचं वेटोळं मी त्याच्या टेबलावर ठेवलं.
त्यानं टोक शोधलं नाही.
मलाही ते कधी सापडलं नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू, त्यानं मला आलेख दाखवला.
आडवी वेळ, उभी स्टेशनं,
गाड्या म्हणजे तिरक्या रेघा
एकमेकींवर फुल्या मारत गेलेल्या.
आणि थांबा म्हणजे तिरक्या रेघेतली
एक आडवी पायरी.
गव्हाच्या दाण्याएवढी.
अकरा वर्षं मी त्या दाण्यावर बसून होतो तर.

'ही पायरी सकाळी घातली,' तो म्हणाला,
'की मागची एक्सप्रेस अंगावर येते.
पॅसेंजर नांद्र्याला बाजूला घ्यावी लागते. अठरा मिनिटं.
मिरजेला लागते आठ दोनला.'

आठ दोन.
माझ्या मागच्या खुर्चीवर अक्काताई खोत होती,
आमच्या निवेदनातलं पहिलं नाव.
मंगळवारी, शुक्रवारी मिरजेत डायलिसिस.
आठला मशिनवर घेतात,
चुकलं की नंबर दुपारवर.
तिच्यासाठी मागितलेला थांबा
तिचाच नंबर घालवणार होता,
आणि ताकारी, किर्लोस्करवाडीहून येणाऱ्या
तिच्यासारख्या आणखी कुणाकुणाचा.

मास्तर कानाशी लागले:
'दस्तगीर, माघार नको. आधी पदरात पाडून घे.'
सगळं गाव माझ्या तोंडाकडे.
मी टोपी काढली, पुन्हा घातली.

अक्काताईच बोलली, बसल्या जाग्यावरनं:
'सकाळी नको, बाबा.
सकाळी अंगात धुगधुगी असतीया,
पोरगा भिलवडीला नेऊन सोडतोय.
येताना तेवढं थांबवा.
येताना पाय माझं नसत्यात.'

कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि बंद झाला.
'एका बाजूचाच थांबा,' साहेब म्हणाला, 'बघावं लागेल.'
आणि संध्याकाळच्या रेघेत
त्यानं एक पायरी काढली.
पेन्सिलीनं.

त्याला चार महिने झाले.
मी शिक्क्याची गादी नवी आणलीय,
वाळू नये म्हणून अधूनमधून पाण्याचा थेंब सोडतो.
शुक्रवारी सहा चाळीसला पॅसेंजर धडधडत जाते.
तिसऱ्या डब्याच्या खिडकीतून
अक्काताई पिवळी पिशवी बाहेर धरते.
बाभळीखाली उभा सर्जेराव ती बघतो,
स्कूटरला किक मारतो
आणि भिलवडीकडे सुटतो,
गाव ओलांडून पुढे गेलेल्या आईला
गावात परत आणायला.