हवेवर चालणारी कुलपं

कोप्लिकला, प्रेंदाआत्याच्या अंगणात
एकोणनव्वद सालची डिझेल मर्सिडीज,
जर्मनीतून तिसऱ्या हाताने आलेली,
गेली अठरा वर्षं शेरबेलची पोती वाहणारी.
शेरबेल म्हणजे डोंगरावरची ती करडी, कडसर पानं.
सीटपासून गिअरपर्यंत सगळ्याला तिचाच वास.

आत्या म्हणाली, किल्ली फिरवते
तर माझं एकटीचं दार लागतं.
बाकीची ढिम्म.
सावत्र भावंडांसारखी तोंड फिरवून बसतात.

मी श्कोदरच्या तंत्रशाळेत वायरिंग शिकलेला.
मल्टिमीटर काढला, फ्यूज एकेक उपसला.
बारा व्होल्ट, पुरते, प्रामाणिक.
दाराचं अस्तर उचकटलं, आत तार चाचपत राहिलो
आणि हाताला लागली
पिवळट, बारीक, रबरी नळी.

"अरे, ती तारेवर नाही चालत,"
आत्या पानांतल्या काड्या निवडत म्हणाली,
"हवेवर चालते. तुझे आतोबा सांगायचे."
मग इतका वेळ बोलली का नाहीस?
तर म्हणे, तू मला विचारलंस कुठे,
तू त्या डबीला विचारत होतास.

मागची सीट उचलली.
खाली फोमच्या पेटीत निजलेला पंप.
किल्ली फिरवताच घरघरला,
मी मोजलं, एकतीस सेकंद,
मग आपणच थांबला,
चढावर दम लागलेल्या माणसासारखा,
वर पोचलो नाही हे कळूनही.

कुठेतरी गळतंय.
कुठे, ते पंप सांगत नाही.

मग एकेक नळी चिमट्यात धरायची.
पुढचं दार दाबलं, तरी घरघर.
मागचं डावं: दाराच्या पोटात उंदराने साठवलेले तीन अक्रोड.
नळी शाबूत. उंदीरही जपून वागलेला.
मागचं उजवं: आत्याचा ठाम संशय ह्याच्यावर,
कारण ह्याच दारातून धाकटा न्दोत्स बॅग घेऊन उतरला होता
मिलानच्या विमानासाठी,
आणि ते आपटलं होतं फार जोरात.

दार निर्दोष. रबर मऊ, एक चीर नाही.
तिला ते आवडलं नाही.
"पुन्हा बघ."
पुन्हा बघितलं.

डिकीही निर्दोष.
एव्हाना ऊन तळ्याकडे कललेलं,
तीन दारांची अस्तरं अंगणात उताणी,
एकीवर कोंबडी बसलेली.
मी म्हणालो, उद्या बघू.

आत्या उठली, हात झटकले,
आणि मला पंप चालू करायला सांगून
गाडीच्या उजव्या कुशीला कान लावला,
पलीकडच्या खोलीत तापत ठेवलेल्या दुधाकडे लावतो तसा.
"इथे बघ. फुसफुसतंय."

डिझेलच्या टाकीचं झाकण.
तळहाताएवढं.
त्यालाही कुलूप असतं,
आणि दारं मोजताना
मी ते धरलंच नव्हतं.

आतला रबरी पडदा वाळक्या पानासारखा चिरलेला.
नवा श्कोदरला मिळत नाही.
भंगारवाला तिरानाकडे बोट दाखवतो,
तिरानावाला जर्मनीकडे.
मी नळीच्या तोंडात एक स्क्रू खुपसला,
वरून तार आवळली.

किल्ली.
खट्. खट्. खट्.
डिकी जरा उशिराने, खट्.
दोन सेकंदांत पंप गप्प.

"आणि ते झाकण?"
ते आता उघडंच राहणार, आत्या.
तिने खांदे उडवले.
"राहू दे. टाकी तशीही अर्धीच असते.
अर्ध्यासाठी कोण येतंय डोंगर उतरून."

पैसे घेईना म्हणून तिने
किलोभर शेरबेल माझ्या स्कूटरला बांधली.
निघताना आरशात पाहिलं:
तिने किल्ली फिरवली, चारही खटके ऐकले,
गाडीला वळसा घालून झाकण तळव्याने दाबून बसवलं,
मग मागच्या उजव्या दाराची मूठ ओढून पाहिली.
लागलेलं होतं.
पुन्हा ओढली.